जाते म्हणू नये

सुतारांच्या घरात तंबोरा पुरा झाला की नाही, हे कुठल्या मोजपट्टीवर ठरत नसे. विलासराव घोडीवर कानस फिरवत, तार छेडत आणि मागं न बघता विचारत, "झाली का?" उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या रंजनाकाकू म्हणत, "अजून नाही." पुन्हा कानस, पुन्हा तार. "आता?" "अजून नाही." दुपारभर हेच चालायचं. मग केव्हातरी काकूंचा ताटातला हात थांबायचा. त्या तोंडानं काही बोलायच्या नाहीत, पण विलासराव कानस खाली ठेवायचे. उभ्या संसारात दोघांचं सगळ्यात जास्त बोलणं झालं ते या चार शब्दांत, आणि त्यात काकू एकदाही खोटं बोलल्या नव्हत्या.

मिरजेत तंबोरे करणारे पुष्कळ होते. पण सुतारांच्या तंबोऱ्याची जवारी वेगळी, असं गवई म्हणत. जवारी म्हणजे काही वस्तू नव्हे. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एक रुंद घोडी बसवतात, तिच्यावरून तारा जातात. घोडीची पाठ घासून तिला अगदी नकळत उतार द्यायचा. मग छेडलेली तार एका जागी टेकत नाही. ती त्या उतारावर घासत, चाटत जाते, आणि एका तारेतून वरच्या स्वरांचा एक थवाच्या थवा उठतो. उतार कमी पडला तर तार मुकी राहते आणि जास्त झाला तर पत्र्यासारखी खडखडते. मधली जागा केसाएवढीही नसते. ती विलासरावांच्या हातांना सापडायची, पण सापडली हे कळायचं काकूंच्या कानाला.

विलासराव गेले आणि हात गेले. कान मागं राहिला.

काकूंचे स्वतःचे हात तोवर थरथरू लागले होते. चहाचा कप बशीत वाजायचा, तिथं घोडीवर कानस कोण धरणार? गल्लीतली पोरं शिकून पांगली होती. ज्यांना शिकवायचं ते सगळे परदेशात आणि जे गावात उरले त्यांना हे किचकट काम नको, अशी गत होती. शेवटी मुलगी मधुरा, जी सांगलीला बँकेत होती, म्हणाली, "आई, आपण दूरहात बसवू या."

दूरहात तेव्हा काही नवलाचे राहिले नव्हते. तासगावच्या द्राक्षबागांत छाटणीला ते सर्रास दिसायचे. दोन धातूचे हात, कोपरापर्यंत. बोटांच्या टोकांना रबरी कातडी, आणि त्या कातडीत दाब, ऊब, खरखर ओळखणारे बारीक ठिपके. दूर कुठल्या तरी देशात एखादा माणूस हातमोजे घालून बसतो. त्याची बोटं हलली की इथली हलतात, आणि इथल्या बोटांना जे लागतं ते तिथल्या मोज्यांत त्याला टोचतं. मधल्या अंतरामुळं थोडा उशीर होतोच. पापणी लवायला लागतो त्याहून कमी, पण हाताला तेवढाही कळतो. म्हणून मधलं यंत्र हाताचा रोख बघून पुढच्या क्षणाचा अंदाज बांधतं आणि तो उशीर बुजवून टाकतं. सुरुवातीला काकूंना वाटलं होतं की हे पाण्यात हात घालून मासा धरण्यासारखं होईल. तसं झालं नाही.

कारण हात मिळाले ते चोलपोनचे. किर्गिझस्तानातल्या ओश गावची पंचविशीतली पोरगी. तिचा बाप जर्दाळूच्या लाकडाची तीन तारांची वाद्यं करायचा, त्यामुळं लाकडाची नस तिला उपजत कळायची. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तासच पुढं, म्हणजे काकूंचा चहा झाला की तिचं काम सुरू. पहिल्या दिवशी पडद्यावर तिचा गोल, लालसर गालांचा चेहरा दिसला तेव्हा काकूंनी नावाचा अर्थ विचारला. तिनं भाषांतराच्या यंत्राला विचारून सांगितलं की चोलपोन म्हणजे शुक्र, पहाटेचा.

"म्हणजे शुक्राची चांदणी की!" काकू म्हणाल्या. "मग मी चांदणीच म्हणणार. तुझं ते चोल-चोल माझ्या कवळीत अडकतंय."

चांदणीला सगळं पोहोचायचं, एक सोडून. सीमेपलीकडं जाणारा आवाज सरकारी वाहिनीतूनच जावा असा नियम होता, आणि ती वाहिनी बोलण्यासाठी बनवलेली. शब्द स्वच्छ कळावेत म्हणून बाकीची झिणझिण, खरखर ती वाटेतच गाळून टाकी. जवारी नेमकी तीच. त्यामुळं ओशला तंबोरा पोहोचायचा तो गोधडीखाली खोकल्यासारखा. मग चांदणी कानस फिरवायची, तार छेडायची आणि धातूचा हात उताणा करून विचारायची, "झाली का, आजी?" आणि उंबऱ्यातून उत्तर जायचं, "अजून नाही."

हात शेकडो कोसांवरचे आणि कान इथला. पण घोडीवर दोघी एकत्र भेटायच्या. घरात पुन्हा तेच चार शब्द घुमू लागले आणि काकू पुन्हा तांदूळ निवडायला उंबऱ्यात बसू लागल्या.

मराठी ती भराभर शिकली. काकूंनी भाषांतराचं यंत्र बंदच करायला लावलं होतं. "ते मध्ये बोलतंय आणि तार ऐकू येत नाही." एकदा काम संपल्यावर चांदणी म्हणाली, "आजी, मी जाते."

"छे छे!" काकू जवळजवळ ओरडल्याच. "जाते म्हणू नये गं! जाते म्हणणारा माणूस परत येत नाही. येते म्हणावं."

"पण मी तर जाते."

"गेलीस तरी येते म्हणायचं."

"आणि मग तुम्ही काय म्हणायचं?"

"मी म्हणायचं, ये हो."

पडद्यावर तिचे डोळे बारीक झाले. "आमच्याकडं निघणारा म्हणतो, नीट राहा."

"ते पण चांगलं आहे. पण या उंबऱ्यात येते."

तेव्हापासून ती रोज येते म्हणून जायची. मध्येच पाणी प्यायला किंवा तिकडं चुलीवरचं दूध बघायला उठली की "आलेच हं, आजी!" हेही काकूंचंच. मधुरा एकदा हसून म्हणाली होती, "आई, ही तुझ्यापेक्षा जास्त तुझ्यासारखी बोलते."

आणि मग तो कायदा आला.

कायदा वाचायला साधा होता. जिथं माणसाचे हात काम करतात तिथं तो माणूस आहे, असं धरलं जाईल. म्हणजे ओशच्या खुर्चीत बसून मिरजेत कानस धरणारी चांदणी मिरजेत आहे, आणि मिरजेत काम करायचं तर परदेशी माणसाला कामाचा व्हिसा हवा. लोकांनी त्याला हातव्हिसा नाव दिलं. देशोदेशी असे कायदे होत होते, आपणही केला. आधीपासून कामावर असलेल्यांना निर्णय होईपर्यंत तात्पुरती मुभा होती, पण तिलाही मुदत होती.

"खुळ्यांनो," काकू म्हणाल्या, "ती पोरगी एक दिवस तरी या घरात जेवली आहे का? चपला तरी काढल्या आहेत का दारात?"

"आई, हातांपुरता व्हिसा आहे," मधुरा अर्ज भरता भरता म्हणाली. "मालक म्हणून तुझी सही लागेल."

"मी कसली मालकीण!"

"कायद्यानं तू मालकीण. आणि बघ, प्रक्रियेचा अंदाजे काळ लिहिलाय. दोन-तीन महिने. मुदतीच्या आत होऊन जाईल."

काकूंनी सही केली. त्याच आठवड्यात त्या कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आल्या होत्या आणि मधुराला त्यांनी निम्मंच सांगितलं होतं.

डॉक्टर तरुण होती, पण समजावून सांगायची रीत जुनी होती. "आजी, आपल्या कानाच्या आत एक शंख असतो. त्याच्या आतून बारीक केसांसारख्या पेशी असतात. बारीक, उंच आवाज ओळखणाऱ्या पेशी दाराशी आणि जाड आवाजाच्या आतल्या खोलीत. सगळे आवाज दारातूनच आत जाणार. मग दारातलं पायपुसणं आधी झिजतं. तुमचं तसंच झालंय."

"यंत्र लावलं तर?"

"बोलणं छान ऐकू येईल. पण यंत्र खरखर गाळून टाकतं, ते तंबोऱ्याचं तुमचं जे काय…"

"जवारी."

"ती त्याला खरखरच वाटणार."

"किती दिवस पुरेल हा कान?"

डॉक्टरनं पेनाचं टोपण लावलं. "वर्ष म्हणू नका, आजी. आज ऐकू येतंय ते आज ऐकून घ्या."

चांदणीचा हात आता बसत आला होता. दहा वेळा विचारण्याऐवजी तीन-चार वेळा विचारून तंबोरा व्हायचा. काकूंचा हिशोब सरळ होता. आणखी थोडे महिने मिळाले, तर हिच्या बोटांनाच ती जागा कळेल. तार मुकी असो, बोटं सांगतील. मग कान राहिला काय, गेला काय. विलासरावांची जवारी ओशमध्ये जिवंत राहील. तेवढ्यासाठी फक्त एक कागद वेळेत यायला हवा होता.

तो येईना. मधुरा दर रविवारी यायची आणि फोनवर अर्जाची स्थिती उघडायची. 'विचाराधीन.' अंदाजे काळ तीन महिन्यांवरून पाच झाला, पुढं सात. दिवस पुढं जात होते आणि कागद त्याच चालीनं मागं सरकत होता. काकू म्हणाल्या, "हे मृगजळाच्या पाणपोईसारखं झालं."

त्यांना विलासरावांची बॅग आठवायची. लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील. परदेशातल्या एका संगीत महोत्सवात वाद्यं दुरुस्त करून दाखवायला विलासरावांना बोलावणं आलं होतं. मुंबईला जाऊन ते रांगेत उभे राहिले, काचेपलीकडच्या बाईनं विचारलं, "परत याल कशावरून?" तर हे म्हणाले, "बायकोचा कान इथं आहे." बाईला काय कळलं देव जाणे. काकूंनी जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांत एकेक कानस गुंडाळून बॅग भरून ठेवली. गणपतीला नारळ, मीरासाहेबांच्या दर्ग्यात फुलांची चादर, सगळं झालं. महोत्सव होऊन गेला आणि त्यानंतर पासपोर्ट घरी आला, आत सुंदर रंगीत शिक्का. विलासरावांनी शिक्क्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अक्षता पडल्यावर वाजंत्री आले." मग त्यांनी लुगड्याच्या पट्ट्या सोडून कानशी पुन्हा भिंतीवर लावल्या. त्यावर ते परत कधी बोलले नाहीत. पण बॅग मात्र त्यांनी माळ्यावर टाकली नाही, पलंगाखालीच ठेवली.

तेव्हा आपण रांगेत होतो. आता रांग आपण लावत होतो.

मुदत संपायला थोडे आठवडे उरले असताना अर्जावर एक नोटीस आली. मधुरानं ती मोठ्यानं वाचली आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला.

"'अर्जदाराने कामाच्या वेळेत दररोज "येते" असे विधान करून देशात प्रत्यक्ष प्रवेश करण्याचा इरादा व्यक्त केला आहे. तसेच अनेकदा "आलेच" असे विधान करून असा प्रवेश झाल्याचे कबूल केले आहे. सदर प्रवेश कोणत्या नाक्यावरून झाला, याचा खुलासा करावा. अर्ज मानवी छाननीसाठी वर्ग करण्यात येत आहे.'"

काकूंना आधी हसूच फुटलं. पदर तोंडाला लावून त्या हसत राहिल्या. मधुरा हसत नाही हे दिसलं तेव्हा त्या थांबल्या.

दुसऱ्या दिवशी दोघी कोल्हापूरला त्या कार्यालयात गेल्या. तिथल्या वाघचौरे नावाच्या अधिकाऱ्यानं त्यांना बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. चाळिशीचा, कपाळावर गंध, बोलायला गोड.

"काकू, हे माणसानं लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "हेतुवाचकानं लिहिलंय."

हेतुवाचक म्हणजे काय, हे त्यानं समजावलं. हातव्हिसाचे अर्ज लाखांनी येतात. कोण खरंच हातांपुरता येणार आणि कोण हाताच्या वाटेनं अख्खा घुसणार, हे ओळखायला एक यंत्र बसवलं आहे. सरकारी वाहिनीतून जाणारा कामाच्या वेळेतला प्रत्येक शब्द ते ऐकतं आणि त्यातून माणसाचा इरादा काढतं.

"त्याला मराठी येत नाही का?" मधुरानं विचारलं.

"मराठी? तुमच्या-माझ्यापेक्षा शुद्ध. पण परदेशी माणूस बोलत असेल तर शब्दाचा सरळ अर्थच घ्यायचा, असा नियम आहे. नियम करणाऱ्यांना वाटलं, परक्याला आपल्या बोलण्यातल्या खाचाखोचा कुठून येणार? तो म्हणेल तेच त्याला म्हणायचं असणार." वाघचौरेनं मान खाली घातली. "तुमची ती पोरगी थोडं मोडकंतोडकं मराठी बोलली असती ना काकू, तर व्हिसा कधीच झाला असता."

काकू खुर्चीत पुढं सरकल्या. "अहो साहेब, मी शिकवलंय तिला. जाते म्हणणं अशुभ असतं."

"हळू, काकू, हळू!" वाघचौरेनं टेबलावरच्या छोट्या काळ्या डबीकडं बोट दाखवलं. "हे पण ऐकतंय. आता ते लिहील की मालकानंच तिला येण्याविषयी बोलायला लावलं."

मधुरानं कपाळाला हात लावला.

"बरं, ती मानवी छाननी," ती म्हणाली. "ती कोण माणूस करतो?"

"मीच की."

"मग करा ना! तुम्हाला सगळं समजलंय."

"फायली क्रमानं येतात, ताई. क्रम हेतुवाचक लावतो. तुमची समोर आली की मी पाच मिनिटांत सही करीन." तो थांबला. त्याला काहीतरी आठवलं आणि त्याचा चेहरा पडला. "नाही. आता तेही नाही. अर्जदाराकडच्या माणसाला जो अधिकारी भेटला त्याच्याकडं ती फाइल पाठवत नाहीत. ओळख झाली ना आपली."

"म्हणजे आम्ही आलो नसतो तर…"

"तर आली असती कदाचित माझ्याकडं."

मग काकू म्हणाल्या, "साहेब, आम्ही तरुण होतो तेव्हा दुसऱ्यांच्या दारात असेच बसायचो. काल सून होतो, आज सासू झालो, एवढाच फरक. पण सासू झाल्यावर सासुरवास विसरायचा असतो का हो?"

तो उठला. "पोचपावती तरी देतो. झेरॉक्स घेऊन आलोच हं."

"कुठल्या नाक्यावरून?" मधुरा म्हणाली.

तो दारात थबकला. ओशाळं हसला आणि गेला. परत आला तेव्हा त्यानं पावती दिली आणि काळ्या डबीवर फाइल ठेवून हळूच सांगितलं, "उरलेल्या दिवसांत तिला येते म्हणू देऊ नका. जाते म्हणायला लावा. सुधारणा दिसली तर फरक पडू शकतो. मी पण घरातून निघताना आईला येतो म्हणूनच निघतो, काकू. काय करू?"

काकूंनी चांदणीला लगेच सांगितलं नाही. जीभ रेटेना. मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा घोडीवर एका नव्या तंबोऱ्याचं काम चालू होतं. निम्म्याहून जास्त झालेलं. चांदणीनं त्या दिवशी जेवायची सुट्टीही घेतली नाही. कानस, तार. "झाली का?" "अजून नाही." काकूंना त्या दिवशी फार कान लावून ऐकावं लागलं. थवा उठत होता, पण लांबून, नदीपलीकडून उठल्यासारखा.

काम पुरं झालं नाही. वेळ संपत आली.

"चांदणी," काकू म्हणाल्या, "आज निघताना जाते म्हण."

धातूचे हात हवेत थांबले. "काय, आजी?"

"जाते म्हण. मशीनला कळेल असं बोल. मधुरानं तुला पाठवलंय ना सगळं?"

"वाचलं मी." पडद्यावर ती खाली बघत होती. "पण तुम्हीच सांगितलं होतं. जाते म्हणणारा माणूस परत येत नाही."

"अगं, ते बोलायचं असतं नुसतं!"

"मग येते पण बोलायचंच होतं ना नुसतं? त्याला तर त्यांनी खरं धरलं."

चांदणीनं कानस पुसून पट्टीत लावली. तंबोऱ्यावर सुती कापड घातलं, त्याची चारही टोकं नीट केली, जशी काकू करायच्या तशी. मग उजव्या हाताची दोन बोटं लाकडावर टेकवून ती तशीच राहिली. ती येते म्हणाली नाही आणि जातेही म्हणाली नाही. पडदा काळा झाला तेव्हा बोटं लाकडावर टेकलेलीच होती आणि वीज बंद झाल्यावर ती तशीच राहिली.

काकूंनी ती कुणाला हलवू दिली नाहीत. केर काढणारी बाई त्या बोटांभोवतीनं फडकं फिरवायची.

पुढचे महिने गेले. कसे गेले ते काकूंना बाहेरून कळलं नाही, आतून कळलं. आधी कुकरची शिटी गेली. मग चिमण्या. बघायला गेलं तर तारेवर बसलेल्या, चोची हलताहेत, पण आवाज नाही. फोनची रिंग गेली. यंत्र लावलं की माणसांचं बोलणं यायचं, पण जुन्या तंबोऱ्याची तार छेडली तर भुईतून आल्यासारखा एक जाड हुंकार तेवढा यायचा. यंत्र काढलं तरी तेच. रोज सकाळी त्या एकदा छेडून बघायच्या. थवा अजून आहे. आज थोडा आहे. आज आहे असं वाटतंय. एक दिवस त्यांनी छेडून बघणं बंद केलं.

मधुरानं खटपट सोडली नव्हती. तिनं आवाजाचा आलेख काढणारं एक यंत्र आणलं. तंबोरे छेडले की पडद्यावर डोंगर उठायचे. काकूंनी विलासरावांचा सगळ्यात गोड तंबोरा लावला आणि बाजारातला एक मशीनवर घासलेला. दोन्हींचे डोंगर सारखे.

"थोडा फरक आहे बघ, इथं," मधुरा म्हणाली.

"कुठला जिवंत, ते लिहिलंय का त्यात?"

मधुरानं ते यंत्र परत केलं.

व्हिसा आला तो एका साध्या मंगळवारी. मधुरा बँकेतून अर्धी रजा टाकून धावत आली. यंत्र कानात घातलेल्या आईच्या समोर बसून तिनं वाचलं. हस्तप्रवेश मंजूर. पाच वर्षांसाठी. खाली बारीक अक्षरात अटी होत्या. "'धारकाने कामाच्या वेळेत प्रवेशसूचक क्रियापदांचा वापर करू नये. केल्यास परवाना आपोआप रद्द होईल.'"

"अक्षता पडल्यावर वाजंत्री," काकू म्हणाल्या.

"असं नको ना म्हणूस, आई. झालं ना शेवटी! उद्यापासून ती… सुरू करते म्हणाली." मधुरा 'येते' म्हणता म्हणता थांबली होती. तिलाही सवय लागली होती.

कान गेला हे चांदणीला कुणी कळवलं नव्हतं. मधुरा म्हणाली होती, सांगू का? काकूंनी मान हलवली होती. व्हिसा आल्यावर सांगू. आणि आता व्हिसा आला होता.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर दिवा लागला आणि लाकडावर टेकलेली दोन बोटं उचलली गेली. पडद्यावर चांदणी दिसली, गालाची हाडं थोडी वर आलेली. "आजी!" ती एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. काकू पण रडल्या. मग चांदणीनं मोज्याच्या पाठीनं डोळे पुसले, त्याबरोबर इथला धातूचा हात हवेतल्या कुणाचे तरी डोळे पुसून आला, आणि दोघी हसल्या.

कापड काढलं. तोच तंबोरा. तोच अर्धा उतार.

काकूंनी कानातली यंत्रं काढून वाटीत ठेवली. जवारी ऐकताना ती काढायचीच असतात. त्या उंबऱ्यात बसल्या. मांडीवर तांदळाचं ताट. मधुरा पाठीमागं दाराला टेकून उभी होती.

कानस फिरली. हात तेवढाच हलका होता, विसरला नव्हता. तार हलली. काकूंना ती हललेली दिसली. भोपळ्याच्या पोटातला हुंकार त्यांना आला, आणि त्याच्यावर काहीच नाही. नुसतं आभाळ.

धातूचा तळवा उताणा झाला. पडद्यावर ओठ हलले. झाली का?

त्याच तंबोऱ्याचा वरचा थवा तिकडं वाटेतच गाळला जात होता, आणि इथं तो दारातल्या झिजलेल्या पायपुसण्यावर पडून जात होता. खोलीत ती जवारी होती की नव्हती, हे त्या दोघींपैकी कुणालाच कळणार नव्हतं. कदाचित ती झाली असेल. झालेली जवारी आणखी एकदा घासली तर ती मरते. कदाचित झाली नसेल. आता थांबवलं तर मुकीच राहील. विलासराव मागं न बघता बसलेत असं काकूंना वाटलं. ते वाट बघत होते. त्यांना एकदाही खोटं सांगितलं नव्हतं.

ताटातला हात थांबला होता. त्यांनी तो लगेच हलवायला घेतला, चांदणीनं बघायच्या आत.

"आज राहू दे," काकू म्हणाल्या. "उद्या बघू."

चांदणीनं मान हलवली. कानस पुसून पट्टीत लावली. कापड घातलं, टोकं नीट केली. मग ती पडद्याच्या जवळ आली, इतकी की नुसते डोळेच दिसले, आणि काहीतरी बोलली. वाटीतली यंत्रं वाटीतच होती. काकूंना शब्दाचं शेवटचं टोक तेवढं ऐकू आलं. '…ते, आजी.' पहिलं अक्षर दारातच कुठंतरी पडलं.

मधुराला ते पुरं ऐकू आलं होतं. तिनं आईकडं बघितलं आणि काही सांगितलं नाही.

"ये हो," रंजनाकाकू म्हणाल्या.